महेश्वरीची दहावी आणि माझी नऊ मिनिटं

...न्हाय, तुमीच सांगा, त्र्याण्णव किलोच्या माणसानं खो-खो खेळावा का? खेळावा का ओ? आणि तेबी कडक भाकरी अन् शेंगाचटणी विकणाऱ्यानं, ज्याचा सगळा व्यायाम म्हंजे गल्ल्यावरनं उठून बरणीपर्यंत जाणं! पण खेळलो. पोरीपायी खेळलो.

आमची महेश्वरी. खो-खोत लई चपळ, अख्ख्या शाळेत कुणाच्या हाती लागत न्हाय. पण दहावी हाय की! मी जूनमधीच सांगितलं, बूट माळ्यावर. टीव्ही? बंद, दहावी हाय. मैंदर्गीला मावशीचं लग्न? जायचं न्हाय, दहावी हाय. गणपतीत लेझीम? अगं, दहावी हाय! शेवटी तर पोरगी शिंकली तरी मी म्हणायचो, हळू, दहावी हाय!

आणि सहामाहीत गणितात किती? गेल्या साली ब्याऐंशी, आता चोपन्न! तसाच शाळेत गेलो. तितं समुपदेशनाच्या म्याडम. मला वाटलं पोरीला झापतील, तर त्या मलाच विचारायला लागल्या, "महेश्वरी झोपते किती? जेवते नीट? शेवटची खळखळून हसली कधी?" आता ओ, चटणी कधी संपली ते विचारा, तारखेनिशी सांगतो. पोरगी कधी हसली...? बोटांवर महिने मोजायला लागलो.

तेवढ्यात खेळाचे हिंदुराव सर आले, हातात जिल्हा निवडीचं संमतीपत्र. "गुरुशांतअण्णा, सही करा." न्हाय म्हटलं, दहावी हाय! सर म्हणले, "मग नऊ मिनिटं मैदानात या. पोरीला शिवलात, तर पुन्हा खेळाचं नाव काढणार न्हाय. न्हाय शिवलात, तर सही."

पैज म्हटल्यावर मागं सरतो व्हय मी? चपला काढल्या, प्यांट वर दुमडली. आठ पोरी रांगेत बसल्या, मी पाठलागावर. नियम काय, तर धरलेली दिशा सोडायची न्हाय, मधली रेघ ओलांडायची न्हाय, दमला की बसलेलीला खो द्यायचा, मग ती पळणार. सोप्पं हाय की! पण आमचा स्वभाव! पंचवीस वर्षं गल्ल्यावर सख्ख्या भावाला बसू दिलं न्हाय, आणि ह्यांना खो देऊ? आठी जणी कोकलत्यात, "काका, खो द्या! काका, खो!" न्हाय दिला! मीच धरणार! मागं वळलो, शिट्टी. रेघ ओलांडली, शिट्टी. दुसऱ्या मिनिटाला डोळ्यापुढं काजवे, चौथ्याला खांबाला मिठी मारून उभा... आणि पोरगी दोन हात लांब येऊन उभी, म्हणती, "अप्पा, शिवा की!" आणि हसली. अशी हसली, अशी हसली, की मीबी हसायला लागलो, सर हसले, म्याडम हसल्या, आठ पोरी तर लोळायच्याच बाकी... जूनपासनं तो आवाज घरात नव्हता ओ. मीच बंद केलेला.

सही केली. धापा टाकत, खांबावरच कागद धरून केली. पोरगी जिल्ह्याच्या संघात गेली, आणि पुढच्या चाचणीत गणितात परत वर, सत्त्याहत्तर! कसं काय ते मला विचारू नका, म्याडमना विचारा.

मला वाटलं, सुटलो. कशाचं सुटतोय! काल हिंदुराव सर दुकानात हजर. "अण्णा, पालकांचा संघ काढलाय. एक जण कमी पडतोय. उद्या पहाटे साडेपाचला या." म्हटलं सर, गुडघे हायत, दुकान हाय, बीपी हाय... तर आतनं महेश्वरी आली, हातात माझ्या मापाचे कोरे बूट, अन् म्हणती कशी, "चला की अप्पा! तुमची कुटं दहावी हाय?"