सुकाणूला हात लावायचा नाही

...आणि वर मलाच विचारतात, "काका, तुम्हाला नक्की त्रास काय आहे?" अहो, त्रास काय आहे! तुम्हाला सांगतो, उभा जन्म मी या फेरीबोटीचं सुकाणू धरलं, या काठाची माणसं त्या काठाला नि त्या काठाची या काठाला, आणि आता पगार कशाचा मिळतो? तर सुकाणूला हात न लावण्याचा! हो! खुर्ची दिलीय, मऊ, पाठ टेकायला, मान टेकायला, हात टेकायला... आणि हात टेकूनच ठेवायचे! समोर सुकाणू आपलं आपण फिरतंय, भुताने धरल्यासारखं, आणि मी फोटो काढायला बसवल्यासारखा मांडीवर हात ठेवून बसलोय. का? तर कंपनीचा नियम. हात लावायचा नाही!

कंपनी म्हणजे काय, तर तीन माणसं आणि एक कॉफीचं यंत्र. दुरुस्तीच्या शेडवरची खोली घेतलीय. खाली दिवसभर ठोकाठोक, वर हे लॅपटॉप पोटावर घेऊन जमिनीवर लोळतात. होड्यांना नावाडी नको, जहाजांना कप्तान नको, सगळं आपलं आपण चालेल, असं यांचं म्हणणं. मालक माझ्या पुतण्याच्या वयाचा, बारा महिने अर्ध्या चड्डीत. मनात मी त्याला चड्डीसाहेबच म्हणतो. पहिल्याच दिवशी खांद्यावर हात टाकून म्हणाला, "काका, आम्ही तुमची नोकरी घेत नाही हां, आम्ही तुम्हाला मोकळं करतोय." मोकळं! मी म्हटलं, बाबा रे, मी आधीच इतका मोकळा आहे की घराला कुलूप लावायचं ते मीच आणि उघडायचं तेही मीच. तो हसला. त्याला वाटलं, विनोद केला.

बरं, यंत्र हुशार म्हणावं, तर पाण्यावर चप्पल तरंगत आली की बोट थांबते! भरलेली बोट, मधोमध पाण्यात, एका चपलेसाठी! चाचणीच्या फेऱ्या फुकट, त्यामुळे गर्दी ही. एक आजीबाई म्हणाल्या, "अहो, झोपलात की काय? हाका की!" म्हटलं, "आजी, मला हात लावायचा नाही." तर शेजारणीला मोठ्याने विचारतात, "मग याला ठेवलाय कशाला?" आता काय सांगू? आजी, हे कोडं मला तुमच्याआधीच पडलंय!

पण चप्पल परवडली हो... खरं दुखणं पुढे आहे. ही बोट काय करायला लागली, तर पलीकडे जाताना अर्ध्या वाटेत सरळ रस्ता सोडून एकदम डावीकडे, पाण्यात पुढे आलेल्या काठाच्या अगदी कडेला! तिथे धक्का नाही, काही नाही, नुसता गाळ. तिथे जरा हळू व्हायची, रेंगाळायची, मग आपल्या वाटेला लागायची. प्रत्येक फेरीला! भरती असली तर ठीक, ओहोटीला बूड गाळाला घासायचं, खर्रर्र... माणसांच्या तोंडचं पाणी पळायचं, आणि मी? मांडीवर हात!

आणि एक दिवस नेमके बंदर खात्याचे तपासनीस बोटीवर. त्यांची सही झाली की परवाना. बोट वळली. खर्रर्र! साहेब म्हणाले, "इथे का वळली?" चड्डीसाहेब म्हणतो, "प्रवाह, सर." "प्रवाह उजवीकडे चाललाय." "मग वारा, सर." साहेबांनी खिशातला रुमाल काढून वर धरला. रुमाल हलेना. तसाच घडी घालून परत ठेवला नि म्हणाले, "कारण शोधा, दुरुस्त करा, तोवर परवान्याचं नाव काढू नका." आता बघा, परवाना नाही म्हणजे कंपनी नाही, कंपनी नाही म्हणजे ती मऊ खुर्ची नाही, आणि या वयात मला नुसतं बसायला दुसरं कोण ठेवणार?

होकायंत्र उघडलं, कॅमेरे पुसले, तारा उपसल्या. काही नाही! शेवटी त्यांच्यातली ती चष्मेवाली मुलगी, तिने मला वर बोलावलं. आता हे यंत्र शिकलं कुणाकडून, ते सांगायचं राहिलंच... माझ्याकडून! आधी वर्षभर बोट मीच चालवायचो आणि यांचे कॅमेरे बघत बसायचे. मी वळवीन तसं ते वळायला शिकणार. तर तिने माझ्या सगळ्या फेऱ्यांच्या रेघा पडद्यावर एकावर एक काढल्या होत्या. आणि सगळ्या एकाच जागी डावीकडे फुगलेल्या!

"काका, इथे काय आहे?"

"काही नाही."

"काहीतरी असेल ना. एक फेरी सरळ नाही."

"घर आहे."

"कुणाचं?"

"माझं."

आता ऐका. आमची ही खिडकीत उभी राहायची. प्रेमाबिमाने नव्हे हो! चालवणाऱ्याने बोटीवर फोन ठेवायचा नाही हा जुना नियम, मग निरोप द्यायचा कसा? हातात पातेलं असलं की दूध आणायचं. पिशवी असली की भाजी. दोन्ही हात कमरेवर असले की काही आणायचं नाही, घरी येऊन गुपचूप ऐकून घ्यायचं! माझी नजर अधू, लांबून पातेलं कुठलं नि कंबर कुठली कळायचं नाही, म्हणून बोट जरा काठाकडे घ्यायची. एकदा हात कमरेवर होते, मी समजलो पिशवी, आणि कोबी घेऊन घरी गेलो... "अहो, मी तुमच्यावर चिडलेय, आणि तुम्ही कोबी आणलात?" त्या कोबीवर आठवडाभर बोलणं झालं!

मी चष्मेवालीला म्हटलं, "अगं, ती तेव्हाची सवय. ही गेल्यापासून मी सरळच चालवतो." ती पडद्याकडेच बघत म्हणाली, "काकू कधी गेल्या, काका?" सांगितलं. तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आपले कॅमेरे त्यानंतर लागलेत."

म्हणजे काय ते तुम्हीच बघा... खिडकी बंद, पडदा ओढलेला, आणि मी वर्षभर प्रत्येक फेरीला बोट वाकडी करून तिथे जातोय, रेंगाळतोय! काय, दूध आणू का विचारायला? आणि मला पत्ता नाही! मी आपला समजतोय, सरळ चाललोय.

चड्डीसाहेब तर आनंदाने उडालाच. "म्हणजे यंत्र एकदम बरोबर शिकलं! काका, दोष यंत्रात नाही, तुमच्यात आहे!" अभिनंदन बाबा! मग म्हणतो, "आता तुम्हीच पुन्हा सरळ फेऱ्या मारून द्या, महिन्याभरात जुनं सगळं विसरेल ते." महिन्याभरात! तुम्हाला सांगतो, त्या यंत्राकडे मी पहिल्यांदाच जरा आदराने बघितलं.

आणि आता काय? हात लावा, काका, हात लावा! लावला. ती जागा आली की दात आवळायचे, नजर नाकासमोर, मान म्हणून वळवायची नाही. महिना काढला असा. चष्मेवालीने पुन्हा रेघा काढल्या. सगळ्या उजवीकडे फुगलेल्या! "काका, आता तुम्ही लांब पळताय. तिकडे खडक आहेत." अहो, सरळ जायला मी काय नको म्हणतोय?

मग ठरलं, काकांचं शिकवणं पुरे. नकाशातच खूण करायची म्हणजे बोट त्या जागेपासून बेताचं अंतर राखेल. तिने माझ्या घरासमोर लाल गोल काढला आणि थांबली. "काका, कारण द्यावं लागतं. खडक, गाळ किंवा बुडालेली वस्तू. एवढंच आहे यात."

"गाळ लिही," म्हटलं. "तेवढा खरंच आहे."

परवाना मिळाला. साहेबांनी सगळ्यांशी हात मिळवले, माझ्याशीसुद्धा. बोट आता त्या खिडकीवरून अशी निमूट जाते, जशी काही ओळखच नाही. चड्डीसाहेब येईल त्याला सांगतो, "एवढं एक टाळायला शिकवताना जीव गेला आमचा!" गेला असेल बापड्याचा. मी तर त्याच घरात राहून ती खिडकी टाळतोय, रोज, कुणाच्या मदतीशिवाय... मला कोण देतंय परवाना!