गुळाआधीचं पाणी

माझा जन्म हितलाच, बाजारकुणंगचा. बा भात पिकवायचा, उन्हाळ्यात जंगलातल्या कामाला जायचा, मी बी तेच करत बसलो असतो, पण रामनगरच्या एका पावण्यानं बोअरच्या गाडीवर नेलं, आन् तिथनं मी गेलो गुजरातेत, गॅसच्या विहिरीवर, पंपाला मदतनीस म्हणून. काय सांगू तुम्हाला, सावली हुडकावी लागते तिकडं.

काम असं, की खोल खडकात पाणी, वाळू आन् औषधं दाबानं सोडायची, खडकाला चिरा पडत्यात, वाळू त्या चिरा उघड्या धरते आन् गॅस वर येतो. वरच्या पाण्याला धक्का लागू नये म्हणून पाइपाभोवती सिमेंट भरायचं. ते भरलं हुतं, मी बघितलो हाय.

कंपनी बाटलीतलं पाणी द्यायची, ते मला उतरायचं न्हाई. शेजारी एक म्हातारी राहायची, मणीबा म्हणायचे तिला, तिच्या विहिरीवर जायचो. आमच्यात नुसतं पाणी पीत न्हाईत, आधी गुळाचा खडा. गूळ मी घरनंच न्यायचो. खडा तोंडात टाकून वर तांब्याभर पाणी, रोजचं. तिलाबी खडा द्यायचो, तर म्हणायची, तुझ्या मुलखात पाणी कडू असतंय काय रे.

खडक फोडून झाला, आन् पुढं थोड्या दिवसांनी मणीबाची म्हस त्या पाण्याला तोंड लावंना. खारट झालं हुतं. आता नियम हाय, कामाआधी आजूबाजूच्या विहिरींचं पाणी तपासायचं, पण टेप लावली तवा हिची विहीर ठरलेल्या अंतराच्या जराशी भाईर राहिली, मग कोण तपासतंय. कंपनीचा साहेब म्हणाला, ही जमीनच खारी, औंदा पाऊस न्हाई. तसं बी असंल, मी न्हाई म्हणत न्हाई. सरकारचा अधिकारी आला, माणूस बरा हुता, म्हणाला गावचे तर हिच्याच बाजूनं बोलणार, आधीचं पाणी पिलेला गावाबाहेरचा कोण हाय काय, पाणी गोडं हुतं असं तो बोलला तर कंपनीला हिला नळ द्यायला लावता येईल. मणीबानं माझ्याकडं बोट केलं, म्हणाली ह्याला इचारा, ह्यो रोज पितोय.

इचारलं त्येनं. आधी गोडं हुतं काय पाणी?

मी सांगितलो, साहेब, मी गूळ खाऊन पीत हुतो, गुळावर काय कळतंय. खरं तेच सांगितलो. लई वाईट वाटलं मला, अजून वाटतंय. नळ काय आला न्हाई. ती लांबनं हंडा आणायला लागली, आन् मी गावाकडं आलो.

आता आमच्या मंडळीच्या चुलीला गॅस हाय, धुरानं डोळं जायचं ते थांबलं, मग गॅसला वाईट कुठल्या तोंडानं म्हणू? पाणी मातूर आम्ही झऱ्याचंच पितो.

बघा, मंडळीनं गूळ-पाणी आणलंच. तुम्ही जोयड्याहून जीपमधनं धक्के खात आलाय, बरं वाटंल तुम्हाला. पण तो खडा ठेवा खाली. आधी नुसतं पाणी प्या, चव ध्यानात ठेवा, कोण कवा इचारील सांगता येत न्हाई. मग गूळ खावा.