तारखेची जागा मोकळी ठेवली आहे

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा, आपल्या प्रभागाच्या नगरसेविका सुलक्षणाताई, व्यासपीठावरचे मान्यवर, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो त्या आर्किटेक्ट स्नेहल मॅडम, दौंडहून मुद्दाम आलेले त्यांचे आईवडील, दगडी बिल्डिंगमधले माझे शेजारी, जुन्या बाजारातले दुकानदार, आणि मागच्या रांगेत स्वयंपाकाच्या वासाकडं तोंड करून बसलेली मंडळी, सर्वांना माझा नमस्कार.

सुरुवातीलाच उशिराची माफी मागतो. बिल्डिंगचं काम दिवाळीच्या आधी संपलं. हा सत्कार तेव्हाच व्हायचा. पण कधी हॉल मिळेना, कधी अध्यक्ष मिळेनात, आणि दोन्ही मिळाले तेव्हा माझं भाषण लिहून होईना. चार ओळी लिहायच्या, तीन खोडायच्या. मी पाचवीपर्यंत शिकलेला माणूस. पुढं जन्म सायकलच्या दुकानात गेला. पंक्चरचं बरं असतं. ट्यूब पाण्यात धरली की कुठं चुकलंय ते बुडबुडा सांगतो. भाषणाला तशी सोय नाही. आता मॅडम पुढच्या आठवड्यात कोकणात एका किल्ल्याच्या कामावर निघाल्या, म्हणून जसं झालं तसं घेऊन उभा आहे.

मंडळी, आपल्या दगडी बिल्डिंगविषयी बाहेरच्यांना थोडं सांगायला हवं. इंग्रजांच्या काळात एका धान्याच्या व्यापाऱ्यानं ती भाड्यानं द्यायला बांधली. खाली दगड, वर वीट आणि चुना, पुढं सागवानी गॅलरी, आणि आत आठ ब्लॉक. नंतर प्रत्येकानं आपापल्या अकलेनं ती सुधारली. गॅलरीला पत्रे ठोकले, चुन्यावर सिमेंट थापलं, सिमेंटवर ऑइलपेंट. मी तर दर्शनी खोलीला बाथरूमच्या टाइल्स लावल्या होत्या. पुसायला सोप्या म्हणून. मॅडमनी त्या पहिल्यांदा बघितल्या आणि नुसतं पाणी मागितलं.

आपली गल्ली वारसा क्षेत्रात आली आणि बिल्डिंग मूळच्यासारखी करायची ठरली, तेव्हा मी घरोघर जाऊन सांगितलं की हे आपल्याला बाहेर काढायचं निमित्त आहे. सामान एकदा खाली आलं की परत वर जात नाही. पहिल्या बैठकीत मी उभाच राहिलो. म्हटलं, "मॅडम, आम्ही परत आत येणार याची खात्री काय?"

त्या म्हणाल्या, "आण्णा, तुम्ही बाहेर जायचंच नाही. एका वेळी एकच ब्लॉक करू. तेवढे दिवस त्या घरची माणसं शेजारी राहतील. चालेल का शेजाऱ्यांना?"

आता सगळ्यांसमोर नाही कोण म्हणणार? अशी आमची आठही घरं आळीपाळीनं एकमेकांकडं राहिली. ज्यांचं पाण्याच्या नळावरून वाकडं होतं, त्यांनी एकमेकांच्या मोरीत आंघोळी केल्या. कोण झोपेत बडबडतं, कोण मीठ जास्त घालतं, सगळं बाहेर आलं. आमची पाळी आली तेव्हा मी आणि आमच्या सौभाग्यवती साळूबाई, शेजारच्या बयाबाईंच्या पुढच्या खोलीत राहिलो. हे लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

माझा स्वभाव काळजीचा. रोज सकाळी मॅडमना फोन. भिंत पोकळ वाजतेय. तुळई वाकलीय असं वाटतंय. त्या दौंडहून न्हावऱ्यामार्गे गाडीवर येत असायच्या, रस्त्याच्या कडेला थांबून फोन घ्यायच्या. म्हणायच्या, "बोला आण्णा, आज काय पडलं?" पडलं काहीच नाही, मंडळी. पडलं ते सिमेंट, आणि ते पाडायचंच होतं. त्यानं ओल आत कोंडून विटांचा भुगा केला होता. हे मला आता समजतं. तेव्हा मी ढिगाऱ्यापाशी उभा राहून हळहळत होतो की एवढं चांगलं सिमेंट वाया चाललं.

आता त्या भिंतीकडं येतो.

आपल्या दर्शनी दरवाजाशेजारची भिंत सगळ्यांना ठाऊक आहे. बिल्डिंगमध्ये शेवटचं लग्न झालं ते बयाबाईंच्या रविराजचं. हौसराव पेंटरनं त्या भिंतीवर गणपती काढला, कलश काढला, दोन पोपट काढले आणि मधे ठसठशीत अक्षरात रविराज आणि प्रगती यांची नावं. असं अक्षर शिरूरमध्ये कुणाचं नाही. पुढं दोन वर्षांत रविराज कंपनीतून येताना हायवेला अपघातात गेला. तेव्हापासून त्या भिंतीला कुणी हात लावला नाही. दिवाळीला रंग दिला तरी तेवढी जागा सोडून. पोस्टर चिकटवायला पोरं आली तर आम्ही हाकलून द्यायचो. बयाबाईंसाठी एवढं तरी करावं, असं सगळ्यांना वाटायचं.

दर्शनी भाग मूळच्यासारखा करायचा म्हणजे ते सिमेंट आणि तो रंग खरवडावा लागणार. आम्ही मॅडमना एकमुखानं सांगितलं, बाकी सगळं काढा, ही भिंत ठेवा. त्या म्हणाल्या, अवघड आहे, पण बघते. त्यासाठी त्या पुण्याला वारसा समितीपुढं किती खेपा घालून आल्या ते त्यांच्या गाडीला विचारा. शेवटी तेवढा तुकडा चौकट करून, काच लावून ठेवायची मंजुरी त्यांनी आणली. अंगणात नकाशा उलगडून दाखवला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

बयाबाई पायरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, "टाळ्या कशाच्या वो?"

मी मोठ्या आनंदानं सांगितलं, "बयाबाई, तुमच्या रविराजचं नाव ऱ्हाणार भिंतीवर. काच लावून. पाऊस लागायचा न्हाई."

"कुणी सांगितलं ऱ्हाऊ द्या म्हणून?"

"आम्हीच की."

"मला इचारलं व्हतं?"

मंडळी, आठ घरं, एवढी शहाणीसुरती माणसं, आणि एकानंही त्यांना विचारलं नव्हतं. विचारायचं कसं, असं वाटून प्रत्येक जण गप्प बसलेला.

बयाबाईंनी सूप खाली ठेवलं. "आण्णा, प्रगती मागच्या जिन्यानं का जाती, कवा इचार केलाय?"

आम्हाला वाटायचं, कारेगावच्या कंपनीची बस पकडायला तिला मागचा जिना जवळ पडतो. बसस्टँड पुढच्या बाजूला आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं.

"रोज जाताना त्ये नाव, येताना त्ये नाव. तरणी पोर हाय ती. तिनं हसावं का, बरी साडी नेसावी का, ह्ये बी ती भिंत ठरवती. आन् तुम्ही तिला काच लावताय? माझा लेक माझ्यापाशी हाय. त्याला भिंत कशाला पायजे? खरवडा ती."

हौसराव तिथंच होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "बये, माझ्या हातनं न्हाई व्हायचं."

"तुझ्याच हातनं व्हाया पायजे. चांगलं काढलंस, आता चांगलं पूस."

आता ज्यांचा सत्कार आपण करतोय त्यांनी काय केलं ते ऐका. एवढ्या खेपा घालून आणलेली मंजुरी. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, आता माझी किंमत काय राहिली? मॅडमनी नकाशाची गुंडाळी केली, काखेत मारली आणि बयाबाईंच्या शेजारी पायरीवर बसल्या. "मावशी, हे चौकटीपेक्षा सोपं काम आहे. समितीला मी कळवते." आणि मग हळूच, "फोटो काढून ठेवू का?"

"काढ. तुझ्या कामाला लागत असंल तर. मला नगं."

हे मोठेपण कुठल्या कॉलेजात शिकवतात मला माहीत नाही. पण दौंडच्या त्या घरात शिकवत असणार, आणि म्हणून त्यांच्या आईवडिलांना मी इथून हात जोडतो.

हौसरावनं भिंत खरवडली. चुन्याचा गिलावा झाला, त्यावर ओली पोती बांधली. संध्याकाळी प्रगती आली. आम्ही सगळे गॅलरीत, उगाच कपडे वाळत घालत असल्यासारखे. ती थांबली. मग म्हणाली, "आत्या, भिंत ओली हाय का?"

"ओली हाय. हात लावू नगं. ये, चहा टाकलाय."

एवढंच बोलणं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुढच्या दरवाजानं कामाला गेली.

आता कठड्याचं सांगतो. गॅलरीचे लाकडी कठडे नवे करायला मॅडमनी इंद्रजीतला आणला. पाबळला सुतारकाम शिकलेला पोरगा, हात चांगला. सगळ्या बिल्डिंगचे कठडे झटपट झाले, पण बयाबाईंच्या दारापुढचा काही होईना. आज रंधा मारायचा, उद्या तोच दांडा उतरवायचा, परवा परत बसवायचा. मी तिथंच राहत होतो, मला हे दिसत होतं. मी मॅडमकडं तक्रार केली, की हा पोरगा कामचुकार आहे, याला बदला. मॅडम गंभीरपणे म्हणाल्या, "आण्णा, कोपऱ्याचं काम आहे, नाजूक असतं." त्या हसू दाबत होत्या हे मला नंतर समजलं. मी तिथं बसून दुसऱ्यांच्या चुका मोजत होतो आणि लसूण सोलणाऱ्या बयाबाईंना सगळं दिसत होतं.

त्या साळूबाईंना म्हणाल्या, "आठ दिसांत समदी बिल्डिंग उरकली. माझ्या दाराम्होरचा कठडा महिना झाला चाललाय. लाकडात काय खोट न्हाई, बाई."

पुढं इंद्रजीतची आई पाबळहून आली. रीतीनं मागणीचं बोलली. बयाबाईंनी चहा दिला आणि सांगितलं, "भिंत वाळू द्या. मग बोलू." चुना सावकाश वाळतो, घाई केली की तडकतो, हे मॅडमनी सगळ्यांना शिकवलंच होतं. भिंत वाळली तेव्हा बयाबाईंनी प्रगतीला समोर बसवून विचारलं. आम्हाला म्हणाल्या, "मला कुणी इचारलं नव्हतं, म्हणून मी तिला इचारलं."

प्रगती काय म्हणाली? "आधी कठडा झाला का बघा." बघितला. झाला होता.

तर मंडळी, बयाबाईंनी आज मला परवानगी दिली आहे, म्हणून या सभागृहात मोठ्यानं सांगतो. प्रगतीचं आणि इंद्रजीतचं लग्न ठरलं आहे. वाजवा टाळ्या. या टाळ्या आम्ही विचारून वाजवतोय.

बयाबाईंच्या भावकीतले काही जण इथं बसले आहेत. कुणाला काही बोलायचं असेल, लोक काय म्हणतील वगैरे, तर ती सगळी काळजी मी आधीच करून ठेवली आहे. दुसऱ्यानं त्रास घेऊ नये. बयाबाई एकट्या पडतील, ही काळजीसुद्धा मी त्यांना बोलून दाखवली. त्या म्हणाल्या, "जावई सुतार हाय. म्या रोज कठड्याचा येक खिळा ढिला करीन." जावई म्हणाल्या, बरं का. हा शब्द मी नीट ऐकला आहे.

स्नेहल मॅडम, तुम्ही आम्हाला बिल्डिंग मूळच्यासारखी करून दिलीत. मूळचं म्हणजे कुठलं, असा वाद मी तुमच्याशी पुष्कळ घातला. आता घालत नाही. गॅलरीचे पत्रे निघाले, उजेड आत आला, माझ्या टाइल्स गेल्या आणि भिंत कोरडी झाली. तुमचे आभार. अध्यक्षांचे, हॉल देणाऱ्यांचे आणि इतका वेळ भूक दाबून बसलेल्यांचे आभार. बोलण्यात पुढचं मागं झालं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर म्हाताऱ्याची चूक म्हणून पोटात घाला.

मॅडम, एक शेवटचं काम उरलं आहे. हौसराव त्याच भिंतीवर नावं लिहिणार आहे. ऑइलपेंट नाही, घाबरू नका. तुम्ही सांगितलेला गेरू. पाऊस त्याला हळूहळू धुऊन नेईल, आणि तसंच असावं असं बयाबाईंचं म्हणणं आहे. गणपती, कलश, पोपट, दोन्ही नावं, सगळं काढायचं. फक्त तारखेची जागा मोकळी ठेवायची असं आम्ही सगळ्यांनी ठरवलं आहे. यावेळी प्रगतीला विचारून ठरवलं. तुम्ही असल्याशिवाय तिला बोहल्यावर उभं राहायचं नाही.

तेव्हा पोरी, किल्ल्यावर गेलीस की सुट्टी कधी मिळते ते बघ आणि लवकर कळव. हौसराव ब्रश घेऊन बसून आहे. भिंत वाळली आहे.