चौथ्या गाण्यातला खोकला

वरची : एकदाच हो, काका. छोटासा चालेल. कोरडा असला तरी चालेल.

काका : खोकला म्हणजे काय नळ आहे, फिरवला की आला? आणि मागतेस कधी, तर ऐन उन्हाळ्यात! ऋतू नावाची काही चीज असते की नाही?

काकू : तू आधी बस गं. त्या कापडावर नको, टाचण्या आहेत. यांच्या टेलरिंगच्या दुकानात सध्या सगळं मिळतं, शिवलेले कपडे सोडून.

वरची : काकू, तुम्हीच समजवा ना यांना. हिवाळ्यात मी वरच्या खोलीत अल्बम रेकॉर्ड केला, ‘दुसरा मोजा’. चौथ्या गाण्यात खालून काकांचा खोकला आला. काढायचा राहून गेला. आणि आता लोक फक्त तेवढाच ऐकतात!

काका : ‘फक्त’ कशाला म्हणतेस? मासिकात काय आलंय? “या एका खोकल्यात अख्खा हिवाळा गोठला आहे.” तोंडपाठ आहे मला.

काकू : असणारच. कात्रण भिंतीवर डकवलंय, तेही वकीलसाहेबांच्या मापावर. आता त्यांची पँट अंदाजाने होणार.

वरची : शनिवारी कार्यक्रम आहे. आयोजक म्हणतात, खोकला नसेल तर येऊ नकोस. पोस्टरवर माझ्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापलंय, ‘खोकल्यासह’.

काका : किती मोठ्या?

वरची : काका!

काका : आपलं विचारलं. कलाकाराला माहीत असावं.

काकू : कलाकार झाल्यापासून दिवसभर मोबाइल कानाला. नवा अल्बम आला रे आला की हे हातातली बाही टाकून ऐकत बसतात.

काका : ऐकावं लागतं. बाजारात काय चाललंय ते कळायला नको? तो ‘अर्धी बादली’ ऐकलास? दुसऱ्या गाण्यात दार करकरतं. दार उत्तम आहे. गायकाने अजून मेहनत घ्यायला हवी. दुसरा एक आहे, त्यात शेवटी कुणीतरी शिंकतं. सरळसरळ माझी नक्कल. आणि ते ‘ओले जिने’वाले! पावसाळ्यातच ऐका म्हणून केवढा गाजावाजा केला. मी छत्री शेजारी ठेवून ऐकला. सबंध अल्बममध्ये एक थेंब नाही. नुसती गाणीच गाणी.

वरची : अल्बममध्ये गाणीच असतात, काका.

काका : तिथेच तर सगळे मार खातात.

वरची : खरंय. मीही तिथेच खाल्ला. सगळ्यांनी खोकल्यावर भरभरून लिहिलं, गाण्यावर एका माणसाने एक ओळ लिहिली नाही. म्हणून ठरवलंय, शनिवार झाला की गिटार माळ्यावर आणि मी दादाच्या टाइल्सच्या दुकानात. तिथे लोक टाइल बघायला येतात आणि टाइलच बघतात.

काकू : अहो, खोका की आता! पोरीच्या जिवाला लागलंय.

(काका उभे राहतात, गळ्यातली मापाची टेप काढून ठेवतात आणि डोळे मिटून खोकतात.)

काकू : हे काय? शटर वर केलं का कुणी?

काका : लागला नाही नीट. रोज वाफ कुणी दिली मला? घसा पार धुऊनपुसून ठेवलास तू.

वरची : असा नाहीये हो तो. अल्बममध्ये असा आहे : “अ… ह्हं.”

काकू : थांब. पुन्हा कर बघू.

वरची : “अ… ह्हं.”

काकू : अगं, हा खोकला कुठे आहे! हे खाकरणं आहे. हे खोकले की फळीवरची भांडी हलतात. असं खाकरतात ते पाहुणे उठता उठेनात तेव्हा.

वरची : म्हणजे… काका, तुम्ही मला ‘पुरे कर’ म्हणत होतात?

काका : तसं नाही गं, हे बघ…

वरची : ज्याला सगळे हिवाळा म्हणतायत, तो ‘आता आवर’ आहे? आणि मी तो माझ्याच अल्बममधून गावभर वाटलाय?

काका : पुरे कर म्हणायचं असतं तर झाडूचा दांडा आहे की माझ्याकडे. छतावर ठोकतो मी. पहिल्या तिन्ही गाण्यांना ठोकला होता.

वरची : तो तुम्ही होतात? मला वाटलं पाण्याचा पाइप आहे. मी त्यावर ताल बांधला!

काका : मग त्याचंही नाव पोस्टरवर…

काकू : अहो!

वरची : आणि मग चौथ्या गाण्याला दांडा का नाही?

काका : चौथ्याला मशीन बंद करून बसलो होतो.

काकू : हे मात्र खरं. मला वाटलं वीज गेली.

काका : गाण्यातली ती मुलगी जिना चढून येते. आत भांडणानंतरचं घर. बेल दाबायला बोट उचलते… आणि तू थांबलीस. एकदम चिडीचूप.

वरची : पुढचं कडवं म्हणावं की सोडून द्यावं, कळेना. वाटलं, ऐकतंय कोण?

काका : मलाही तेच वाटलं, ही आता सोडतेय मध्येच. गोष्ट ऐकताना आपण हुंकार देतो ना, ‘हं, मग?’ म्हणून? तसा दिला. वरपर्यंत पोचायला हवा म्हणून जरा घशातून दिला, एवढंच.

काकू : मग म्हटलंस का गं पुढचं?

वरची : म्हटलं. लगेच.

काका : दाबली तिने बेल. मग मी मशीन चालू केलं.

वरची : हे आधी का नाही सांगितलंत?

काका : लोक खोकला म्हणाले. चारचौघांत कौतुक चाललं होतं, कशाला मोडता घालायचा?

वरची : शनिवारी याल?

काका : येतो. पुढच्या रांगेत बसतो.

वरची : आणि खोकला?

काका : तू मध्ये थांबली नाहीस, तर लागणार नाही.