गुरांसाठी बोगदा

महामार्ग कार्यालयाच्या व्हरांड्यात तरुण इंजिनिअरबाई बाटलीत पाणी भरत होत्या. मागच्या बाकावर एक म्हातारा आणि त्याची बायको बसली होती.

"हा नवा रस्ता चार राज्यं जोडणार म्हणे," म्हातारा म्हणाला. "आणि आपल्याला रस्त्यापलीकडे समोर दिसणाऱ्या लेकीच्या घरी जायला दोन कोसांचा वळसा."

"म्हणून तर रस्त्याखालून बोगदा मागायचाय."

"माणसांसाठी नाही देत, गेल्या खेपेला सांगितलंय. गुरांसाठी देतात."

"मग गुरांसाठी मागा."

"अगं, आपल्याकडे गुरं कुठायत?"

"साहेबांना काय ठाऊक?"

"जागेवर येऊन पाहणी करतात ते."

"जाऊबाईंची म्हैस आणून बांधू अंगणात."

"ती मारकी आहे."

"बरंच झालं. साहेब जवळ जाऊन चौकशी करणार नाहीत."

"आणि पोरीकडे जाताना कुणी अडवलं तर?"

"म्हैस शोधतोय म्हणायचं."

बाटली केव्हाच भरून वाहत होती. बाईंनी नळ बंद केला, आत जाऊन खुर्चीवर बसल्या आणि त्या दोघांना बोलावलं.

"बोगदा कशासाठी हवाय?"

"गुरांसाठी," दोघं एकदमच म्हणाले.

"पाहणीला मीच येणार आहे, मंगळवारी," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "म्हैस तेवढी जरा लांब बांधा."