गिअरबॉक्सले आग्रह

…अन् वाढाचंच हाये तं माणसाले वाढा ना बाप्पा! गाडी काय पाव्हणी हाये? नाई, तुमीच सांगा. आमच्या वडनेरात पाव्हण्याचं ताट अर्ध दिसू द्याचं नाई, हे मले कबूल. हात आडवा केला तरी बोटाच्या फटीतून वरण वाढतेत इथले लोकं. पण गिअरबॉक्सले आग्रह? तुमाले सांगतो, आमचा शेजारी रूपराव, फुलगोबीवाला, त्याच्या गाडीचं जे झालं ते ह्या आग्रहापायी झालं. मले काय त्याचं, मी आपला भिंतीपलीकडचा माणूस, दिसलं ते सांगून राह्यलो.

तं गाडी कशी… डिझेलची, चारही चाकानं ओढणारी, जुनी घेतलेली, अन् गिअर आपोआप पडणारी. क्लचच नाई! रूपरावचा डावा पाय पयल्या दिवसापासून बेकार. पण जीव केवढा त्या गाडीवर! सकाळी उठला का आधी बोनेटवर हात फिरवे, मंग चहा. अन् ते गाडी काय करे? शेतातून गोबीचे क्रेट भरून निघाली का नाल्याच्या चढावर अर्ध्यात जाऊन नुसती बोंबले. इंजिन ओरडून राह्यलं अन् चाकं ढिम्म! तीनदा झालं असं. मंग त्याचे मोठे भाऊ भैय्याजी, बैलाशिवाय दुसरं काही न मानणारा माणूस, त्यायनं निकाल देला, "रूप्या, येत्या इतवारी मी सोता नाल्यावर उभा राह्यतो. चढली तं ठेव. नाई चढली तं गिऱ्हाईक माह्याजवळ तयार हाये." अन् आनंदा वहिनी, रूपरावची बायको, तिनंही मान डोलावली! संपलं. मोठ्या भावापुढं रूपराव जलमात कधी बोलला नाई, आता काय बोलते? पण त्या दिवशी तो जेवला नाई. लय वाईट वाटलं मले… म्हणजे, मले काय त्याचं.

गेला तो हिंगणघाटले, कैलासकडे. कैलास म्हणजे असल्याच गाड्यायचा मेकॅनिक, बोलते कमी, ऐकते त्याहून कमी. त्यानं खालून तेल काढलं तं काळं कुट्ट, जळक्या फोडणीसारखा वास! म्हणते, "काका, हे तेल कधी बदललं?" रूपराव म्हणते, "हे बदलाचं राह्यते काय?" घ्या! जाळी बुजलेली, आतल्या बारीक वाटा कचऱ्यानं भरलेल्या, अन् चढावर तेल तापलं तं त्याले थंड व्हाले जागाच नाई. कैलासनं सगळं धुतलं, लालभडक नवं तेल भरलं, जाळी नवी टाकली, समोर तेलासाठी वेगळं लहान रेडिएटर बसवलं, तेल किती तापलं ते दाखवणारा मीटर लावला. अन् बजावलं, "चढाच्या आधी लो मधे, म्हणजे जोराच्या गिअरात टाकजा. अन् हे तेल मोजाची पट्टी पाहा, हिच्यावर दोन खुणा हायेत. इंजिन चालू, तेल गरम, तवा तेल दोन खुणायच्या मधात पाह्यजे. मधात म्हणजे मधात! एक थेंब जास्त नाई. जास्त झालं का आत फेस होते, अन् फेसानं चाकं फिरत नाई." अन् उरलेल्या तेलाचा डब्बा संग देला, कधी गळलंच तं असू द्या म्हणून.

इथंच चुकलं त्याचं! वडनेरच्या माणसाच्या हातात भरलेला डब्बा देते अन् वाढू नोको म्हणते?

शनिवारी रूपरावनं पट्टी काढली. तेल बरोबर मधात. पाहून राह्यला, पाहून राह्यला… "मधात? म्हणजे अर्धच की! उद्या एवढा चढ चढाचा, अन् अर्ध्या पोटी?" पट्टी ठेवली. ओट्यावर जाऊन बसला. उठला. पुन्हा पट्टी काढली. कैलासचं बोलणं आठवे, पण हात काही ऐके ना. शेवटी टाकलं घोटभर. अरे, गाडी काय पाव्हणी हाये?

इतवार उजाडला. क्रेट भरले, अर्ध गाव नाल्यावर, भैय्याजी काठी टेकून वर उभे. रूपरावनं लो मधे टाकली अन् काय निघाली हो गाडी! ना धक्का, ना झटका, लोण्यासारखे गिअर. मी तं टाळीच वाजवणार होतो… तवाच थरथरली. इंजिन ओरडलं. चाकं ढिम्म. मीटरचा काटा लालात, अन् खालून गुलाबी फेस, असा भदाभदा! रूपराव खाली उतरला. कोणाकडं पाह्यलं नाई. चावी काढली अन् गुपचूप भैय्याजीपुढं हात केला.

भैय्याजीनं चावी घेतली नाई. म्हणे, "आधी त्या मेकॅनिकले बोलाव."

कैलास आला, तेल थंड होऊ देलं, जास्तीचं बादलीत काढलं. बादलीत पाह्यलं, मंग एकेकाच्या तोंडाकडं. "तीन लिटर जास्त! कोनं टाकलं?"

"अर्धा लिटर म्या," रूपराव म्हणे. "बाकीचं नाई माहीत."

आनंदा वहिनीनं पदर सावरला. "अवो, अर्धा लिटर म्या टाकलं. तुमचं तोंड पाहवत नोतं."

"तू तं मान डोलावली होती!"

"मोठ्या माणसापुढं डोलवाच लागते. म्हणून काय गाडी उपाशी ठेवू?"

अन् मंग भैय्याजी खाकरले… भैय्याजी! "लिटरभर माह्यं."

"पण तुमी पट्टी पाह्यली काय?" कैलास रडाले आला.

"पट्टी कशाले पाहू? ताटात किती हाये ते मोजून वाढते काय कोणी?"

"अन् दादा, तुमचं ते गिऱ्हाईक?" रूपरावनं भीत भीत विचारलं.

"गिऱ्हाईक आपल्या जागी, आग्रह आपल्या जागी! आता माह्या हातानं वाढल्यावर इकू कशी तिले?" म्हणे, अन् दार उघडून सोता बसले. "क्लच नाई न हिले? मंग सरक." जलमभर बैल हाकलेला माणूस तो! "हं… हं… चाल माय!" करत पाय ठेवला तं गाडी भरल्या क्रेटानिशी सरळ वर. काटा जागचा हालला नाई. गाव ओरडलं, रूपराव तं लेकरावाणी रडला.

तं गाडी वाचली बाप्पा. आता रोज भैय्याजी चालवतेत. अन् रूपराव? तो मागं बसते, गोबीच्या क्रेटवर.

पण एक सांगा, तीनातून दोन गेले तं लिटरभर उरते का नाई? रूपराव गावभर विचारून राह्यला, "ते कोणाचं, ते कोणाचं." मी म्हणतो, जाऊ दे न, गाडी काय पाव्हणी… काऊन असे पाहून राह्यले माह्याकडं? भिंत कमरेएवढी, डब्बा समोर, गाडी गरीबावाणी उभी… आता शेजाऱ्यानं काय, कोरडाच रामराम कराचा?