स्ट्रॉंग जावई

...आणि वर मलाच विचारतात, "माइल्ड? बरं नाहीये का तुम्हाला?" अहो, बरं नाहीये काय! ठणठणीत आहे मी! मला माइल्ड आवडते, एवढंच! बिअरच्या आवडीत तब्येत कुठून आली? चहात साखर कमी घेणाऱ्याला कुणी म्हणतं का, काय हो, खानदानात कुणी भित्रं होतं का?

तुम्हाला सांगतो, माझं काम चष्म्याच्या दुकानात. डोळे तपासतो मी. दिवसभर काच बदलायची आणि विचारायचं, "हे बरं दिसतं की हे बरं दिसतं?" माणूस म्हणतो, "पहिलं बरं." संपलं! पहिली काच देतो! मी कधी म्हणतो का, "अरेरे, एवढा धिप्पाड माणूस आणि एवढासा नंबर? पुरुषासारखा जाड भिंगाचा घ्या!" नाही ना? पण बिअरच्या बाबतीत... बिअरच्या बाबतीत जगाला अक्कलच उरत नाही.

आणि स्ट्रॉंग प्यायलो की मला काय होतं, तेही सांगून टाकतो. मला रडू येतं. दुःख बिःख काही नसतं, नुसतं रडू येतं. एकदा आमच्या मालकांनी आग्रह करून पाजली. दुकानात अक्षरांचा तक्ता असतो ना, वर मोठं अक्षर, खाली बारीक बारीक? त्याला मिठी मारून रडलो मी. म्हणालो, "ही शेवटची ओळ बघा हो... बिचारी... जन्मापासून लटकलीये, कुणालाच वाचता येत नाही!" मालकांनी दुसऱ्या दिवशी माझेच डोळे तपासले.

तर मला माइल्ड आवडते. एवढंच!

आता एवढं असताना माणसाने प्रेमात कुणाच्या पडावं? लिफ्ट तपासणाऱ्याच्या मुलीच्या! हिचे वडील, म्हणजे आता माझे सासरे, पण तेव्हा नुसते काका, नव्या लिफ्ट पास करायचे. त्यांच्या धंद्यात एक रीत आहे. लिफ्टवर पाटी असते ना, इतकी माणसं, इतकं वजन? हे त्याच्याहून जास्त वजन आत रचणार. लोखंडाचे ठोकळे! आणि सोडणार खाली. ब्रेक धरला तर पास, नाही धरला तर... नाही धरला तर बिल्डिंगवाले बघून घेतील. त्याला म्हणतात लोड टेस्ट. आणि हा माणूस जावईसुद्धा तसेच पास करायचा! ठोकळ्यांच्या जागी स्ट्रॉंग बिअर!

मी पहिल्यांदा त्यांच्या घरी जाणार, त्याच्या आदल्या दिवशी ही मला म्हणते, "बाबा विचारतील स्ट्रॉंग की माइल्ड. स्ट्रॉंग म्हण."

"अगं, पण मी रडतो!"

"मग आतल्या आत रड! भाऊजींचं काय झालं माहितीये ना?"

भाऊजी म्हणजे हिच्या मोठ्या बहिणीचा नवरा, माझा साडू. त्या सज्जन माणसाने पहिल्या भेटीत खरं सांगितलं होतं, "मला माइल्ड चालेल." लग्न झालं कसंबसं, पण त्या दिवसापासून त्या घरात त्याची खुर्ची बाल्कनीच्या दाराशी. दार उघडलं की त्याच्या गुडघ्याला लागतं! कुणी "सॉरी" पण म्हणत नाही. आणि माझं तर लग्नच व्हायचं होतं अजून!

गेलो. काका समोर बसलेले, माझ्याकडे असे बघतायत जणू माझ्या दोऱ्या तपासतायत. "काय चष्मेवाले! स्ट्रॉंग की माइल्ड?"

मी म्हणालो, "स्ट्रॉंग." आवाज असा निघाला की माझाच मला ओळखू येईना.

आता त्या घरची एक पद्धत. बाटली बाहेर आणायची नाही. काकू स्वयंपाकघरात फोडणार, उंच स्टीलच्या मगात ओतणार आणि ट्रेमधून आणणार. काकू स्वतः घेत नाहीत हं! छे! त्यांचा घसा नाजूक. त्यांच्यासाठी काढा. झाकणाच्या मगातला काढा हातात घेऊन त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या.

मी पहिला घोट घेतला, डोळे मिटले, रडू यायची वाट बघितली... काही नाही! अर्धा मग संपवला. समोर भिंतीवर एक एकटं घड्याळ होतं, एरवी त्याच्याकडे बघून हुंदका आला असता... काही नाही! म्हटलं, अरे, हे प्रेम! प्रेमाने माणूस स्ट्रॉंग होतो! काका माझ्याकडे रोखून बघत होते, मी दुसरा मग मागितला. दुसराही गेला. काकांनी मांडीवर थाप मारली. माझ्याच! "अगं ऐकलंस का, ही लिफ्ट पास!"

आणि मी, मूर्ख माणूस, आनंदाच्या भरात रिकामे मग उचलून स्वतः आत ठेवायला गेलो. जायचं नाही हो स्वयंपाकघरात! पाहुण्याने सोफ्यावरच मरावं!

आत ओट्यावर रिकाम्या बाटल्या. स्ट्रॉंगच्याही आणि माइल्डच्याही. आणि काकू गाणं गुणगुणत तेच ते पातेलं पुसतायत. मी बाटल्यांकडे बघितलं, काकूंनी माझ्याकडे बघितलं.

"दोघांनाही माइल्डच दिली," काकू शांतपणे म्हणाल्या. "ह्यांचं बीपी. डॉक्टर म्हणाले, कडक बंद. सरळ सांगितलं तर ऐकतील का? कितीतरी वर्षं देतेय, पत्ता नाही त्यांना. आणि तुमचा चेहराच दिसत होता, झेपणार नाही म्हणून."

मी म्हणालो, "मग काकू... ती स्ट्रॉंग?"

काकूंनी झाकण उचललं, काढ्याचा एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "ओतून द्यायची का मोरीत? चांगली वस्तू!"

तुम्हाला सांगतो, माझ्या वाटची पण त्यांच्याच मगात होती त्या दिवशी! आणि हात बघा, जरा म्हणून हलत नव्हता!

"ह्यांना कळलं तर," त्या म्हणाल्या, "तुमचं लग्न राहू दे, माझं मोडेल."

मी शपथ घेतली. बाहेर आलो. काका म्हणाले, "चला, खाली सोडतो." लिफ्टमध्ये शिरलो आणि दोन मजल्यांच्या मध्ये त्यांनी कसलंसं बटण दाबलं. लिफ्ट बंद! मी म्हटलं, आता ठोकळे येणार.

काका हळूच म्हणाले, "बाटल्या बघितल्यास ना?"

"क... कुठल्या?"

"अरे, त्या आणतो कोण? मीच ना! माइल्ड ती मागवते आधी पाहुण्यांच्या, आता थोरल्या जावयाच्या नावाखाली, तो येतो कधीतरी, मग संपते कशी? आणि चव मला कळत नाही का? मला माइल्डच आवडते!"

अहो, मला तिथेच रडू येणार होतं. स्ट्रॉंग न पिता!

"मग काका, हे स्ट्रॉंग-स्ट्रॉंग कशाला?"

"तिला आवडते रे. नवीन लग्न झालं तेव्हा म्हटलं होतं, घे. तर म्हणाली, शी! वासाने मळमळतं. आता ती मागणार नाही आणि मी देऊ शकत नाही. मग मीच झालो स्ट्रॉंग. काढा झाला की गाणं म्हणते. ते मोडू मी? त्या थोरल्याने काय केलं? माइल्ड मागितली! काढा अर्धाच झाला त्या दिवशी. ती रात्रभर कपाटाची दारं आपटत होती. म्हणून म्हणतो जावईबापू, तू आपला स्ट्रॉंगच राहा. आणि तिला कळू देऊ नकोस हं, मला माहितीये ते."

लिफ्ट सुरू झाली. पोटात दोन शपथा घेऊन मी खाली उतरलो. पाटीवर जेवढं लिहिलंय त्याहून जास्त वजन!

पुढे लग्न झालं. पण लग्नात लिफ्टवाल्यांची सगळी पलटण आली, "पास झालेला जावई कुठाय?" आणि तिथे स्वयंपाकघर नाही, स्टीलचे मग नाहीत, बाटली डोळ्यांदेखत फोडलेली. खरी स्ट्रॉंग! निरोपाच्या वेळी नवरी कोरडी ठणठणीत आणि नवरदेव सासूच्या गळ्यात पडून ढसाढसा! "आई, ती लिफ्ट बघा हो... दिवसभर वर-खाली... तिला कुणी कधी विचारलं का, बाई, तुला कुठे जायचंय?" फोटोत आहे ते! मोठा करून लावलाय सासऱ्यांनी!

आता सगळीकडे मी स्ट्रॉंग जावई. साडू दारापाशी गुडघा चोळत माझ्याकडे असा आदराने बघतो की लाज वाटते, आणि सांगता त्यालाही येत नाही. जाऊ दे. म्हटलं, निदान आपल्या घरी, आपल्या फ्रिजमध्ये, आपल्या आवडीची माइल्ड ठेवू. मला माइल्ड आवडते, एवढंच!

तर ही म्हणते, "अरे, थोडी स्ट्रॉंग पण आणून ठेव. कुणी येतं-जातं."

म्हटलं, ठीक आहे. आणली. येत-जात कुणी नाही, बाटल्या मात्र संपतायत. मी विचारत नाही. फक्त परवा ही बाजारातून झाकणाचा मग घेऊन आली. म्हणाली, "हल्ली घसा जरा बसल्यासारखा वाटतोय."